नगरचा माळ आणि माळढोक

नगरच्या इतिहासावरील कोणतेही पुस्तक उघडले, तरी त्यात मलिक अहमदाने वसविलेले शहर असते, चांदबिबीने लढविलेला किल्ला असतो, मलिक अंबराची मुत्सद्देगिरी असते, आणि १८०३ च्या ऑगस्टात वेलस्लीने तोच किल्ला कसा घेतला याची हकीकत असते. हे सर्व असावयास हवेच. परंतु या जिल्ह्याच्या इतिहासात एक आकडा असा आहे की, इतिहासकारांची दृष्टी त्याकडे फारशी वळलेली नाही. पक्षिशास्त्रज्ञांनी मात्र तो जपून ठेविला आहे. १८०९ पासून १८२९ पर्यंत रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रज शिकाऱ्याने अहमदनगरच्या परिसरात ९६१ माळढोक मारले, अशी ती नोंद आहे.

या वीस वर्षांत आमच्या देशात काय काय घडले ते वाचकांस सांगावयास नको. बाजीराव पळाला, पेशवाई बुडाली, सातारच्या गादीची नवी मांडणी झाली, नगरास इंग्रजांचा कलेक्टर आला. राज्ये उलथत होती. पण या गृहस्थाची माळढोकांची मोजदाद काही थांबली नाही. सरासरीने वर्षाला अठ्ठेचाळीस पक्षी पडतात. याच काळात मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची शिरगणती व पाहणी करीत हिंडणाऱ्या कर्नल साइक्सनेही हा पक्षी पठारावर विपुल असल्याचे लिहून ठेविले आहे, आणि एका सद्गृहस्थाने तो हजारभर मारल्याचाही उल्लेख केला आहे. साइक्सचा सद्गृहस्थ आणि मॅन्सफील्ड हे एकच असावेत असा तर्क करण्याचा मोह होतो. पण तर्काला पुरावा म्हणू नये, हे आम्ही विद्यार्थ्यांस नित्य सांगतो, तेव्हा तो मोह येथेच आवरतो.

आता या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. १९६९ साली भावनगरच्या राजघराण्यातील पक्षितज्ज्ञ धर्मकुमारसिंहजी यांनी साऱ्या हिंदुस्थानात मिळून सुमारे १,२६० माळढोक उरले असावेत असा अंदाज केला. म्हणजे एका माणसाने एका जिल्ह्याच्या आसपास मारलेल्या पक्ष्यांहून तीनशेच अधिक, आणि तेही राजपुतान्यापासून कर्नाटकापर्यंतच्या साऱ्या मुलखात! आज ती संख्या दीडशेच्या आत आली आहे आणि त्यांतील बहुतेक सर्व पक्षी राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूस आहेत. महाराष्ट्रात एखादा पक्षी दिसला की त्याची वर्तमानपत्रांत बातमी होते. ज्या नगरच्या माळावर वर्षाला पन्नास पक्षी पडत असूनही वीस वर्षे पक्षी संपले नाहीत, त्या माळावर ते पुढे का संपले, हा प्रश्न माझ्या मते केवळ पक्षिशास्त्राचा नव्हे. तो या जिल्ह्याच्या जमिनीच्या इतिहासाचा प्रश्न आहे.

प्रथम पक्ष्याविषयी थोडे. माळढोक हे नाव आमच्या लोकांनी मोठे समर्पक ठेविले आहे. ढोक म्हणजे करकोच्याच्या जातीचा उंच पक्षी, आणि हा माळावरचा ढोक. पक्षिशास्त्राच्या दृष्टीने त्याचे करकोच्याशी काही नाते नाही. पण उंच मान, लांब पाय आणि संथ, भारदस्त चाल पाहून शेतकऱ्यास ढोक आठवला, यात नवल नाही. नर उभा राहिला म्हणजे जमिनीपासून मीटरभर उंच दिसतो. वजन पंधरा किलोच्या घरात जाते. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके भारी पक्षी जगात फार थोडे आहेत. पावसाळ्याच्या दिवसांत नर एखाद्या उंचवट्यावर उभा राहून गळ्याची पिशवी जमिनीपर्यंत लोंबेल इतकी फुगवितो आणि खोल, घुमणारा आवाज काढतो. त्या आवाजावरूनच काही भागांत त्याला ‘हूम’ म्हणतात. मादी उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला बहुधा एकच अंडे घालते आणि सुमारे चार आठवडे एकटीच ते उबविते. झाड नाही, ढोली नाही, घरटे म्हणावे असे काही नाही. वर्षाला एक अंडे, तेही मेंढराच्या खुराखाली, कुत्र्याच्या तोंडी किंवा नांगराच्या फाळापुढे. असा प्राणी गमावण्यास सोपा आणि परत मिळविण्यास कठीण असतो.

त्याचे खाणे टोळ, नाकतोडे, भुंगे, सरडे, उंदीर, बोरे, आणि शेतातील हरभरा, भुईमूग, करडई. ही यादी पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. हा जंगलाचा प्राणी नव्हे. वाघ माणसाला टाळून राहतो. माळढोक माणसाच्या शेताच्या कडेने राहतो. पाच-सहाशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात पवन्या, मारवेल, कुसळी यांचा माळ, त्याच्या मध्ये-मध्ये बाजरी-ज्वारीची जिरायत, काही शेते एकदोन वर्षे पड टाकलेली, गुरांचे गायरान, मेंढरांची वाट. अशी जी नगर-सोलापूरची जुनी भूमी, ती त्याची खरी वस्ती होय. ती भूमी निसर्गाने जितकी घडविली तितकीच शेतकऱ्याने व धनगराने घडविली. गवत फार वाढले तर पक्ष्याला लांबवर दिसत नाही आणि त्याचा धीर सुटतो. गवत अगदी चरून गेले तर अंडे उघडे पडते. या दोहोंच्या मधले जे काही होते, ते आमच्या खेडुतांच्या दरिद्री शेतीने शेकडो वर्षे नकळत सांभाळले.

याचा एक पुरावा मला शिकाऱ्यांच्याच तंत्रात सापडतो. माळढोक मोठा सावध पक्षी. पायी जाणाऱ्या माणसाला तो बंदुकीच्या टप्प्यात येऊ देत नाही. परंतु बैलगाडीला तो भीत नसे. म्हणून शिकारी गाडीत लपून किंवा गाडीच्या आडाने चालत जात, गाडीवान वळसे घेत घेत गाडी जवळ नेई, आणि मग बार उडे. या तंत्राचे वर्णन शिकारीच्या पुस्तकांत मोठ्या कौतुकाने केलेले आढळते. त्यातील युक्ती शिकाऱ्याची असेल. पण युक्ती चालली ती कोणाच्या भरवशावर? कित्येक पिढ्या बैलगाड्या जवळून गेल्या व त्यांतून पक्ष्याला उपद्रव झाला नाही, म्हणूनच तो भीत नव्हता. शेतकऱ्याच्या बैलगाडीने जमविलेली पत दुसऱ्याने खर्चून टाकली. स्वातंत्र्यानंतर गाडीची जागा जीपने घेतली, आणि मग टप्पा, आड, वळसा या कशाचीच गरज उरली नाही.

शिकारीचा विषय निघाला की आमच्याकडे पारध्याचे नाव लगेच घेतले जाते. फासेपारधी फासे टाकून तितर, ससे, काळवीट धरीत, आणि माळढोकही धरीत असतील, हे मी नाकारीत नाही. परंतु फासा लावून पोट भरणाऱ्या जमातीवर १८७१ च्या कायद्याच्या परंपरेने गुन्हेगारीचा शिक्का बसला आणि तो पुसावयास १९५२ साल उजाडावे लागले. उलट, नऊशे एकसष्ट पक्षी मारणाऱ्याचा आकडा ग्रंथांत विक्रमाप्रमाणे उतरला. इतिहास लिहिणाऱ्याने निदान दोन्ही वह्या शेजारी-शेजारी ठेवाव्यात.

तथापि, सर्व दोष बंदुकीवर टाकणे सोयीचे असले तरी खरे नाही. बंदूक १८२९ नंतरही चालू राहिली, १९१२ च्या कायद्याने पक्ष्यांना काही काळाचे अभय देण्याचा यत्न झाला, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माळढोकाची शिकार सर्वथा बंद झाली. बंदूक बंद झाली आणि तरीही पक्षी घटत गेला. तेव्हा कारण दुसरीकडे शोधणे प्राप्त आहे. ते कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, एका शब्दात साठलेले आहे, आणि तो शब्द आमच्या सातबाऱ्यावर आजही वाचावयास मिळतो. तो शब्द म्हणजे पड.

इंग्रजांनी दख्खनची जी मोजणी केली तिचा आरंभ पुणे जिल्ह्यातील इंदापुरास १८३६ च्या सुमारास झाला. गोल्डस्मिड व विंगेट ही नावे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेत. पुढे तीच पद्धत नगरकडे आली. जमिनीचे नंबर पडले, प्रत्येक नंबरास आकार ठरला, सारा हलका झाला, आणि पूर्वी न नांगरलेली जमीन लोकांनी झपाट्याने लागवडीखाली आणली. सरकारास हे हवेच होते. या पद्धतीत जमिनीचे मोल एकाच प्रश्नाने ठरे: तीतून पीक किती निघते? पीक देई ती जमीन; न देई ती पड. शेताच्या आतील जो तुकडा नांगराखाली येत नाही त्याला नाव मिळाले पोटखराबा. या नावातच निकाल आहे. त्या तुकड्यावर गवत उगवते, गुरे चरतात, सरपण निघते, तितराची अंडी असतात. पण दप्तराच्या लेखी तो शेताच्या पोटातला खराब भाग! वास्तविक आमच्या लोकभाषेत या जमिनीला माळ, कुरण, गायरान, रान, चराई असे किती तरी शब्द होते व प्रत्येकाचा अर्थ निराळा होता. दप्तरात शिरताना या शब्दांतील बरेचसे बाहेरच राहिले. गायरान टिकले, पण तेही ‘सरकारी’ म्हणून टिकले. गावाचे म्हणून नव्हे.

येथे कोणी म्हणेल की, हा सर्व दोष परकीय सरकाराचा. मला तसे म्हणवत नाही. परकीय सरकार जाऊन पाऊणशेहून अधिक वर्षे झाली, परंतु माळाकडे पाहण्याची दृष्टी बदललेली नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या काठचा मुलूख उसाचा झाला. १९५० च्या सुमारास लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि साऱ्या देशाने नगरकडे पाहिले. पुढे मुळेचे पाणी नेवाशाकडे आले, कुकडीचे कालवे श्रीगोंदे-कर्जतेत उतरले. ज्या तालुक्यांनी १८९६, १८९९ आणि १९७२ चे दुष्काळ भोगले, त्यांना पाणी मिळाले याचा आनंद ज्यास होणार नाही तो माणूसच नव्हे. १९७२ साली ज्याने खडी फोडून पोट भरले, त्याला ‘तुझ्या माळावर एक पक्षी आहे, पाणी घेऊ नकोस’ असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? मला तरी नाही. माझे म्हणणे इतकेच की, पाणी येताना माळ जातो आहे ही गोष्ट हिशेबातच धरली गेली नाही, कारण माळ म्हणजे पड, आणि पड गेली तर गेले काय? विहीर खणताना माती बाहेर पडते तशी ती गोष्ट मानली गेली.

आता याच दुष्काळाच्या पोटी एक चमत्कारिक गोष्ट घडली. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर बी. एस. कुलकर्णी या निसर्गप्रेमी गृहस्थांना १९७० च्या दशकाच्या आरंभी माळढोक आढळले आणि महाराष्ट्रातून गेलाच असे ज्याच्याविषयी वाटत होते तो पक्षी अद्याप आहे, हे लोकांस कळले. दुष्काळी प्रदेशाच्या सुधारणेसाठी जी सरकारी योजना निघाली तिच्यात वनखात्याने येथील काही माळ चर खणून, चराई थांबवून राखले होते. हेतू गवताचा व झाडांचा होता. पक्ष्याचा विचार कोणाच्या मनात नव्हता. परंतु राखलेल्या गवतात माळढोक उतरू लागले व अंडी घालू लागले. पुढे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात नान्नजास राहून या पक्ष्याचा बारकाईने अभ्यास केला. त्याच राखीव तुकड्यांत लावलेली झाडे मोठी झाल्यावर मात्र माळाचा माळपणा उणावला. झाड लावणे हे पुण्यकर्म खरे. पण झाड कोठे लावावे याचाही विवेक हवा. आमच्या शाळा-कॉलेजांतून दर पावसाळ्यात उघड्या माळावर वृक्षारोपणाचा समारंभ होतो. त्या समारंभांत मीही हातात रोप घेऊन उभा राहिलेला आहे. आपण एका प्राण्याच्या घरात खड्डा खणीत आहो, असे त्या वेळी माझ्या मनातही आले नव्हते.

१९७९ साली सरकारने माळढोक अभयारण्य जाहीर केले. सोलापूर जिल्ह्यातील उत्तर सोलापूर, मोहोळ, माढे, करमाळे आणि नगर जिल्ह्यातील कर्जत, श्रीगोंदे, नेवासे या तालुक्यांचा मुलूख त्यात धरला. क्षेत्रफळ सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. वाचकांनी या आकड्यापाशी क्षणभर थांबावे. महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा जो नगर, त्याचे क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे नगर जिल्ह्याच्या निम्म्याइतके अभयारण्य! त्यात गावे होती, बाजारपेठा होत्या, साखर कारखान्यांचे ऊस होते, सडका होत्या, विहिरी होत्या. खरा गवताळ माळ मात्र त्या रेषेच्या आत ठिगळांसारखा विखुरलेला होता.

अभयारण्याच्या कायद्यात एक दंडक आहे. हद्द जाहीर झाल्यावर त्या जमिनीवर वारसाहक्काखेरीज नवा हक्क कोणास निर्माण करता येत नाही, आणि पूर्वीच्या हक्कांची चौकशी कलेक्टरने करावयाची असते. ही तरतूद घनदाट अरण्याच्या हिशेबाने केलेली. ती नांगरत्या शेतांवर येऊन पडली. जमीन विकावयाची तर अडचण, घ्यावयाची तर अडचण. मुलीच्या लग्नासाठी दोन एकर काढणाऱ्याला ‘तुझी जमीन अभयारण्यात आहे’ हे उत्तर. वर्षानुवर्षे हा प्रश्न लोंबकळत राहिला. अखेर एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अभयारण्याचे क्षेत्र आटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणण्यात आले. पण मधल्या तीसपस्तीस वर्षांत जे व्हावयाचे ते होऊन गेले होते. ज्या शेतकऱ्याच्या बैलगाडीला पक्षी भीत नव्हता, तो शेतकरी आता पक्ष्याच्या नावाला भिऊ लागला. आपल्या शेतात माळढोक दिसला हे सांगण्यात धोका, न सांगण्यात शहाणपण, अशी बुद्धी झाली.

इतिहासाच्या अभ्यासकास येथे एक जुनी गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्यास शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, आणि तो दंगा लवकरच नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, नगर या तालुक्यांत पसरला. त्या दंग्यात रक्तपात फार थोडा झाला. लोकांस हवे होते ते कागद: खते, रोखे, हुकूमनामे. ते मिळाले की जाळावयाचे. जमीन आपली, कष्ट आपले, पण कागदावर लिहिलेल्या चार ओळींनी ती दुसऱ्याची होते, हा अनुभव ज्या तालुक्यांना आलेला, त्यांनाच ठीक शंभर वर्षांनी पुन्हा एका कागदाची गाठ पडली. दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा १८७९ चा. माळढोक अभयारण्याची घोषणा १९७९ ची. हा योगायोग आहे, याहून अधिक काही नाही. परंतु श्रीगोंदे-कर्जतेच्या कुणब्याने सरकारी कागदाकडे संशयाने पाहिले, तर त्याला अडाणी म्हणण्यापूर्वी या शंभर वर्षांचा विचार करावयास हवा.

आता याच कर्जत तालुक्यात, अगदी दुसऱ्याच वर्षी, निराळा प्रयोग झाला. रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र किती? २१७ हेक्टर, म्हणजे एखाद्या मध्यम गावच्या शिवाराएवढेही नव्हे. माळढोकाच्या अभयारण्यात अशी सुमारे एकोणचाळीसशे रेहेकुरी मावली असती. परंतु या चिमुकल्या जागेत काळवीट टिकले, वाढले, आणि आज ते शेकड्यांनी मोजावे लागतात. मी दोन-तीन वेळा विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेलो आहे. डिसेंबरातल्या सकाळी पिवळ्या गवतातून काळ्या पाठीचा नर मान ताठ करून उभा असतो, त्याच्या मागे पंधरा-वीस माद्या; आणि एकदा एक पाडस दचकले की सारा कळप हवेत उड्या घेत निघतो. विद्यार्थी पाठ्यपुस्तक विसरतात, शिक्षकही विसरतो.

परंतु रेहेकुरीचे यश सांगताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. दोनशे सतरा हेक्टरांच्या गवतावर इतकी काळविटे बारा महिने जगू शकत नाहीत. ती रात्री, पहाटे कडेच्या शेतांत जातात. ज्वारीचा कोंब, हरभऱ्याचा घाटा, मटकीचा वेल, यांवर ती जगतात. सरकार पीकनुकसानीची भरपाई देते. पण पंचनामा, अर्ज, हेलपाटे हे सर्व वजा जाता हाती किती उरते, हे ज्याचे शेत गेले तोच जाणे. म्हणजे रेहेकुरीची काळविटे जगली ती अभयारण्यात जितकी, तितकीच अभयारण्याबाहेरच्या जिरायतदाराच्या पदरच्या धान्यावर. या देणगीची पावती त्याला आजवर कोणी दिलेली नाही. पर्यटकांसाठी लावलेल्या पाटीवर काळविटाची माहिती असते. ज्याच्या बांधाला बांध लागून ते काळवीट राहते त्याविषयी तीत एक अक्षर नसते.

मग काळवीट टिकले आणि माळढोक का टिकला नाही? काळवीट लहान जागेत राहते, लवकर वाढते, पिकाशी जुळवून घेते. माळढोकास मोठा, मोकळा, निवांत मुलूख लागतो. तो एका माळावरून दुसऱ्यावर जातो, आणि वाटेत आता विजेच्या तारा आल्या. समोरचे त्याला अंधुक दिसते, शरीर जड, ऐनवेळी वळता येत नाही. तारेवर आदळून मरण्याचे प्रकार राजस्थान-गुजरातेत इतके झाले की, २०२१ साली सर्वोच्च न्यायालयास त्यांत लक्ष घालावे लागले आणि २०२४ साली तो आदेश पुन्हा तपासावा लागला. कारण त्या तारा सूर्यापासून मिळणाऱ्या विजेच्या, आणि ती वीजही देशास हवीच. जैसलमेरास २०१९ पासून अंडी उबवून पिले वाढविण्याचा उद्योग चालू आहे व त्यास यशही येत आहे. परंतु ती पिले मोठी झाल्यावर सोडावयाची कोठे, हा प्रश्न फिरून माळापाशीच येतो.

राजस्थानात हा पक्षी उरला याचे एक कारण तेथील ओरण हे होय. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेले गावचे रान. त्यात कुऱ्हाड चालत नाही, नांगर चालत नाही, गुरे मात्र चरतात. आमच्याकडे देवराया आहेत, आणि नगर जिल्ह्यातही अकोले तालुक्याच्या डोंगरांत त्या आहेत. पण त्या झाडांच्या. डोंगरावरच्या झाडाला आम्ही देवाचे केले. माळावरच्या गवताला देव मिळाला नाही. बिरोबाचे ठाणे माळावर असते खरे, परंतु त्याचे पावित्र्य बहुधा ठाण्याभोवतीच घुटमळते. राजस्थानात माळ देवाचा झाला, आमच्याकडे तो सरकारचा झाला, आणि दोहोंच्या नशिबांतला फरक आपण पाहतोच आहोत. तेथेही ओरणांवर सौर प्रकल्पांची दृष्टी आहे. कारण तेथील दप्तरांतही त्यांतील पुष्कळ जमिनीचे नाव पडच आहे.

१९६३ साली मोर हा राष्ट्रीय पक्षी ठरला. सालीम अली यांनी त्या मानासाठी माळढोकाचे नाव सुचविले होते, आणि ज्याला मानाची गरज आहे त्याला तो द्यावा, असा त्यांचा रोख होता. पंक्तीत सर्वांत देखणा कोण हे आम्ही पाहिले. उपाशी कोण हे पाहिले नाही. अर्थात् मान मिळाल्याने माळ वाचला असता असे मला वाटत नाही. वाघाला मान मिळाला तो त्याच्या जंगलासकट, आणि जंगलाला निदान दप्तरात एक खाते होते.

गेल्या दिवाळीत मी कर्जत तालुक्यातील आमच्या गावी गेलो होतो. माझे चुलते आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत; दृष्टी अधू झाली आहे, स्मरण शाबूत आहे. त्यांना मी सहज विचारले, “तात्या, तुम्ही माळढोक पाहिला होता का?” ते म्हणाले, “माळढोक म्हणजे हूमच ना रे? पाहिला म्हणजे काय! पावसाळ्यात पहाटेला त्याचा आवाज घरात ऐकू यायचा. आम्ही गुरं घेऊन जायचो तर तो चालत चालत बाजूला व्हायचा, उडायचासुद्धा नाही. टोळ खायचा, म्हणून तुझे आजोबा म्हणायचे, त्याला धोंडा मारू नका.” मी विचारले, “कोठे यायचा?” त्यांनी ओसरीवरूनच काठी उचलून दाखविले. काठीच्या टोकाला ऊस उभा होता, पुरुषभर उंच, आणि त्यावरून विजेच्या तारा गेलेल्या. “तिथं. तो आपला वरचा तुकडा. तेव्हा तिथं काही नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी वाटणीच्या कामासाठी जुने उतारे काढले होते, त्यांत तो नंबर सापडला. वरच्या तुकड्याचे क्षेत्र निराळे दाखविले होते, आकार नव्हता, आणि त्यापुढे तलाठ्याच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: पोटखराबा.